रिकामं कोर्ट बघायला आलेल्या बाई

न्हाई, हे मला कुणी लिहून दिलेलं न्हाई. सातवी शिकलेला माणूस गौरवग्रंथात लिवतो म्हणजे नातीनंच लिवलं असणार, असं ज्याच्या मनात आलं असंल त्यानं ते मनातच ठेवावं. नातीनं फक्त काना-मात्रा बघितली. बाकी समदं माझं हाय, आन चुका बी माझ्याच.

समितीच्या सरांनी कागद पाठवला. वर लिवलंय, ‘विमलबाईंचे न्यायप्रक्रियेतील योगदान, एका कर्मचाऱ्याच्या नजरेतून.’ सर, मी तीस वर्सं भोरच्या कोर्टात पट्टेवाला व्हतो. दारात हुभं ऱ्हायचं, नाव पुकारायचं, कागद हिकडनं तिकडं न्यायचे, मोबाईल वाजला की डोळे वटारायचे. योगदान मला कळत न्हाई. पण ज्याला लोक डोक्यानं कमी म्हणत्यात असं माणूस साक्षीला आलं, की कोर्ट त्याच्याकडं कसं बघतं, ते दारातनं मला जेवढं दिसलं तेवढं वर खुर्चीत बसलेल्या साहेबांना बी दिसलं नसंल. ते बघणं बाईंनी बदललं. निदान आमच्या कोर्टापुरतं तरी. बाईंना पंच्याहत्तर लागली, तर ते कुणी तरी सांगाया पायजे, म्हणून हा खटाटोप.

आमची पयली वळख भांडणातनं झाली. साहेब पुण्याला मीटिंगला गेलेले, त्यामुळं त्या दिवशी कोर्ट बसलं न्हवतं. मी दाराला कुलूप घालून बाकावर पेपर वाचत व्हतो. म्होरं एक बाई येऊन हुभ्या राहिल्या. अंगानं काटकुळ्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. संगं एक पोरगी, वीस-बावीसची, बाईंचा पदर मुठीत घट्ट धरलेली.

"मला रिकामं कोर्ट बघायचंय," बाई म्हणल्या.

"बाई, हे काय पानशेतचं धरण हाय बघाया? तारखेला या."

"तारखेला भरलेलं असतं. हिला रिकामं दाखवायचंय. पुढच्या महिन्यात हिची साक्ष आहे."

"मंग म्होरल्या म्हैन्यात दिसंलच की तिला."

"तुम्ही परक्या घरात पहिल्यांदा गेलात आणि दिवा नसला, तर कुठं तरी ठेचकाळालच ना? तसं होऊ नये म्हणून."

म्या म्हणलं, तुमी कोण? म्हणल्या, "मी शिकवते. इथं आपल्या गावातल्या विशेष शाळेत." आन ही कोण, तर म्हणल्या, "हिलाच विचारा."

म्या काय इचारलं न्हाई. येड्या पोरीला काय इचारायचं, असंच माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू? त्या टायमाला आमी समदे तोच शब्द वापरायचो, वकील बी आन मी बी. मागनं मतिमंद म्हणायला लागलो, आता त्याच्याहून मोठा शब्द आलाय. बाईंनी शब्दावरनं कुणाशी वाद घातलेला म्या बघितला न्हाई. त्या एवढंच म्हणायच्या, "नाव आहे तिला."

धा मिनटं म्हणून कुलूप काढलं, त्यांनी अर्धा तास घेतला. पोरीला साक्षीच्या पिंजऱ्यात चढवली, उतरवली, परत चढवली. कठडा हातानं चाचपायला लावला. पाणी प्यायला लावलं. म्हणल्या, "ही साहेबांची खुर्ची. साहेब रागावलेले दिसतील. रागावलेले नसतात, चेहराच तसा असतो." आमचे साहेब बाईंनी बघितले बी न्हवते, पण बरोबर सांगितलं. मला हसू आवरंना.

मंग माझ्याकडं वळल्या. "तुमचं नाव?"

"बबन. लोक मामा म्हणत्यात."

"बबनराव, दारात जाऊन हिचं नाव पुकारा. त्या दिवशी पुकाराल तसंच, मोठ्यांदा."

"नाव काय?"

बाई गप. पोरीकडं बघत राहिल्या. मी बी बघत राहिलो, दुसरं करणार काय? लई येळानं पोरगी म्हणली, "सुली." बाई म्हणल्या, "कागदावरचं." पुन्ना तेवढाच येळ. "सुलाबाई धोंडू ढेबे."

म्या व्हरांड्यात जाऊन पुकारा केला. वळचणीची कबुतरं भर्रकन उडाली. सुलीनं दोन्ही कान दाबले. दुसऱ्या पुकाऱ्याला एक हात खाली आला. तिसऱ्याला ती खदाखदा हसली आन मला म्हणली, "वरडतो कशापायी? म्या हितंच हाय की!"

आता तिची केस सांगतो. सुली वेल्ह्याकडच्या डोंगरावरल्या धनगरवाड्यातली. घरात ती आन तिची आई. दोघी शेळ्या घिऊन मार्गासनीच्या अंगाला रस्त्यानं उतरत व्हत्या. मागनं टेम्पो आला आन आईला उडवून गेला. आई दवाखान्यापतुर पोचली न्हाई. पोलिसांनी फुटक्या दिव्यावरनं टेम्पो हुडकला. टेम्पोवाला म्हणला, दिवा आधीच फुटलेला, मी त्या वाटंनं गेलोच न्हाई. रस्त्याला दुसरं कुणी न्हवतं. बघणारी एकटी सुली. म्हंजे सुलीचं बोलणं कोर्टानं धरलं तर तिच्या आईला न्याय, न्हाई धरलं तर ती म्हातारी रस्त्यावर आपली आपणच मेली, असा मामला.

बाई तिला आणखी दोनदा घिऊन आल्या. वेल्ह्याची माणसं तारखेला नसरापूरला ST बदलून भोरला यायची, अर्धा दिवस त्यातच जायचा. पण बाई वर वाड्यात जाऊन तिला आणायच्या आन परत नेऊन सोडायच्या. त्यांची शिकवायची तऱ्हा म्या दारातनं बघायचो. साक्षीत काय सांगायचं ते त्या चुकून बी काढत न्हवत्या. म्या इचारलं तर म्हणल्या, "तिनं पाहिलं ते तिचं आहे. मी शिकवलं तर ते माझं होईल." त्या शिकवत व्हत्या ते निराळंच. माझ्याकडं बोट करायच्या आन म्हणायच्या, "सुले, हे जजसाहेब आहेत ना?" सुली म्हणायची, "व्हय."

मला वाटलं, पोरखेळ चाललाय. बाई म्हणल्या, "हिला लहानपणापासून सांगितलंय, मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही. ही सगळ्याला व्हय म्हणते. तिथं वकील उभा राहणार आहे. तिला नाही म्हणता आलं पाहिजे."

तिसऱ्या खेपंला बाईंनी पुन्ना बोट केलं, "हे जजसाहेब आहेत ना?" सुलीनं माझ्या पट्ट्याकडं बघितलं, टकलाकडं बघितलं, आन तोंडावर पदर घिऊन म्हणली, "न्हाई. ह्यो मामा!" बाईंनी टाळी वाजवली. जणू पोरगी मॅट्रिक झाली.

आता म्होरलं सांगतो ते समितीला आवडायचं न्हाई, पण ते गाळायचं असंल तर समदा लेख गाळा.

तारखेच्या दिवशी सुली व्हरांड्यात बसली व्हती. बाई आत सरकारी वकिलांशी बोलाया गेल्या. कोर्ट भरलेलं, वकिलांची ये-जा, एका आरोपीला बेड्या घालून आणलेला. सुलीनं दोन्ही कान दाबून धरले व्हते. मला कीव आली. मी जवळ गेलो आन म्हणलं, "भिऊ नगं. आत मोठी माणसं हायेत. कुणी काय बी इचारलं तरी व्हय म्हण. उलट बोलू नगं. लवकर सुटशील."

तीन खेपा घालून बाईंनी जे शिकवलं, ते म्या एका मिनटात पुसलं. माझ्या अंगावर पट्टा व्हता. तिनं पट्ट्याचं ऐकलं.

साहेबांनी आधी रिवाजाप्रमाणं तिची पारख केली. आज वार कोणता, पाच आन तीन किती. तिला आलं न्हाई. आईचं नाव काढलं तशी ती हसली. आरोपीचे वकील लगेच उठले, "साहेब, आई मेली आणि ही हसतेय!" कोर्टातली माणसं एकमेकांकडं बघाया लागली. पण मला दारातनं तिचे हात दिसत व्हते. कठडा असा आवळून धरलेला की बोटं पांढरी पडली व्हती. ती भ्याली की हसायची. हे बाईंना ठावं व्हतं, पण बाईंना बोलायची परवानगी न्हवती.

सरकारी वकिलांच्या सवालांना ती नुसतं व्हय म्हणली. मंग उलटतपास. वकिलांनी आवाज गोड केला. "टेम्पो निळा होता ना?" व्हय. "पांढरा होता ना?" व्हय. लोक हसले. "तुला नीट काही दिसलं नाही ना?" व्हय. "बाईंनी शिकवलं तेच बोलतेस ना?" व्हय. "खोटं बोलतेस ना?"

"व्हय."

वकील खाली बसले. साहेबांनी पेन खाली ठिवलं. पाच मिनटांत आटोपलं.

सुली भायेर आली ती सरळ माझ्याकडं. त्वांड फुललेलं. म्हणली, "मामा, समद्याला व्हय म्हणलं!"

तीस वर्सांत त्या दारात म्या लई काय काय ऐकलं. फाशीची शिक्षा आमच्या कोर्टात हुत न्हाई, पण रडणं-वरडणं रोजचं. त्यातलं काय बी घरला जाऊन आठवायचं न्हाई. हे मात्र आठवतं.

बाई मागनं आल्या. "सुले, सगळ्याला व्हय का म्हणालीस?" तिनं बोट केलं, "मामा म्हणला." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता चार लोकांत माझी काढत्यात. मी पाय रोवून हुभा राहिलो.

"बबनराव," त्या म्हणल्या, "तुम्ही तिला धीर द्यायला गेलात."

"व्हय."

"हे साहेबांना सांगाल?"

"नोकरी जाईल, बाई."

"जाईल कदाचित," बाई म्हणल्या. बास. न्हाई आग्रह, न्हाई भाषण. पिशवीतनं फडकं काढलं, सुलीला चटणी-भाकरी दिली, आन तीनच्या ST ला घिऊन गेल्या.

त्या दोन शब्दांनी माझी चार दिवस भाकर गोड लागू दिली न्हाई. वरडल्या असत्या तर म्या बी वरडून मोकळा झालो असतो. पाचव्या दिवशी साहेबांच्या चेंबरमधी गेलो.

"साहेब, म्या साक्षीदाराला शिकवलं."

साहेबांनी चष्मा काढला. "काय शिकवलंस?"

"व्हय म्हणायला."

समदं सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला. मंग म्हणले, "आणि मी ते सगळं लिहून घेतलं, बबन." माझ्यावर चिडले व्हते का सोतावर, ते मला आजतागायत कळलं न्हाई. माझा जबाब झाला, मला लेखी ताकीद आली. सरकारी वकिलांनी अर्ज दिला, आरोपीच्या वकिलांनी आडवं लावलं, पण सुलीला पुन्ना बोलवायचं ठरलं.

ह्या खेपंला साहेबांनी आधीच बजावलं. एका टायमाला एकच प्रश्न. शेवटी ‘ना’ लावून तिच्या तोंडात उत्तर घालायचं न्हाई. ती बोलंपतुर थांबायचं. बाईंना तिच्या शेजारी स्टूल दिलं, पण बोलायचं न्हाई आन खुणावायचं न्हाई ह्या अटीवर. म्या पुकारा केला, सुलाबाई धोंडू ढेबे, पूर्ण नावानं. तिनं जाता जाता माझ्याकडं बघितलं. म्या तोंडातनं शब्द काढला न्हाई. जन्मात येवढा गप बसलो न्हवतो.

साहेब म्हणले, "त्या दिवशी काय झालं ते सांग."

घड्याळात दोन मिनटं गेली. कोर्टात दोन मिनटं कुणी बोलंना म्हंजे एक तर लाईट गेलेली असती न्हाई तर साहेब उठलेले असत्यात. वकील चुळबुळले. साहेबांनी हातानंच बसा म्हणलं. बाई मांडीवरच्या पिशवीकडं बघत बसल्या व्हत्या.

"तांबडीला करडं झाली," सुली म्हणली. "त्याच्या दुसऱ्या दिशी. आई म्होरं. म्या मागं. शेळ्या मधी. टेम्पो आला. आई पडली."

"मग?"

"त्यो उतारला." तिनं आरोपीकडं बोट केलं. "दिवा बघितला. बाहीनं पुसला. आईला न्हाई बघितलं. आईची काठी चाकाम्होरं पडलेली. ती उचालली आन फेकली. खाली, करवंदीत."

साहेबांनी मान वर केली. पंचनामा मागवला. म्याच नेऊन दिला. त्यात लिवलं व्हतं, मयताची काठी रस्त्याच्या खाली, लांब, करवंदीच्या जाळीत सापडली. ती तिथवर कशी गेली ते कुणी इचारलं न्हवतं. पोलिसांनी न्हाई, वकिलांनी न्हाई, साहेबांनी न्हाई. आन सुलीला काय पंचनामा वाचाया येत न्हवता.

वकील उठले. "हे तुला बाईंनी शिकवलं?"

ती थांबली. सवयीनं बाईंकडं बघितलं. बाईंची मान खालीच. मंग तिनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"न्हाई," सुली म्हणली.

"पोलिसांनी शिकवलं?"

"न्हाई."

"तू खोटं बोलतेस."

"म्या न्हाई. तूच बोलतो."

कोर्ट हसलं, साहेबांनी बी फाईल तोंडाम्होरं धरली. म्या ‘शांतता राखा’ म्हणून वरडलो, कारण दुसरं काय केलं असतं तर डोळ्यातनं पाणी आलेलं दिसलं असतं.

टेम्पोवाल्याला शिक्षा झाली. निकालपत्रात साहेबांनी दोन पानं सुलीवर लिवली. बाईंनी वाड्यात जाऊन तिला त्याचा अर्थ सांगितला, "साहेब म्हणतात, सुलीनं खरं सांगितलं." त्यावर सुली म्हणली, "म्या म्हणलंच व्हतं की." हे मला बाईंनीच सांगितलं, आन सांगताना इतक्या हसल्या की हातातला चहा सांडला.

त्यानंतर बाई लई जणांना घिऊन आल्या. गुंजवण्याकडनं, भोरच्या पेठेतनं, वरल्या वाड्यांतनं. मी न सांगता कुलूप काढायचो. नवीन साहेब बदलून आले की मीच सांगायचो, साहेब, बाईंचा साक्षीदार असला की वार इचारू नका, काय बघितलं ते इचारा. काही साहेब ऐकायचे, काही माझ्याकडं बघायचे. समद्या केसा बाईंच्या मनासारख्या झाल्या असं न्हाई. हरल्या तरी त्या माणसाला घरापतुर सोडून यायच्या आन दुसऱ्या दिवशी शाळंत हजर.

एक घरातली गोष्ट. माझ्या मंडळीला झटका आला, वाचा गेली. येणारा जाणारा मलाच इचारायचा, काय दुखतंय त्यांचं? मी सांगायचो, डोकं. कारण ती कपाळाला हात लावायची. म्हैनाभर डोक्याच्या गोळ्या दिल्या. बाई भेटायला आल्या, खुर्ची तिच्या पलंगाला लावली आन तिलाच म्हणल्या, "काय होतंय, वहिनी?" मी बोलाया गेलो तर, "थांबा, मी त्यांना विचारलंय." चहा गार झाला. मंडळीनं हळूहळू हात उचलला, कपाळाला लावला आन मंग खिडकीकडं केला. दुपारचं ऊन तिच्या डोळ्यांवर येत व्हतं. बाईंनी उठून पडदा ओढला. चाळीस वर्सांचा संसार माझा, आन तिला इचारायचं मला सुचलं न्हाई. कोर्टात येवढं बघून बी.

आता बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, वाड्यावर चढणं हुत न्हाई. आमच्या कोर्टाच्या बाकावर आता बसलं तर वळखीचं कुणी न्हाई. कबुतरं तेवढी हायेत. मी कधी भाजीला गेलो तर तिथवर जातो आन उगं बंद दार बघून येतो. तिथं एक काटकुळी बाई हुभी ऱ्हाईल आन म्हणंल, रिकामं कोर्ट बघायचंय, असं वाटतं.

समिती म्हणती, सत्काराला तुमी बाईंच्या नावाचा पुकारा करा, जुन्या आवाजात. म्या करणार न्हाई. सुली करंल. तिला म्या मागल्या आठवड्यात वर जाऊन इचारलं, करशील का? दोन शेळ्या हाकून येईपतुर तिनं उत्तर दिलं न्हाई. मी बसून राहिलो. मंग म्हणली, "करीन. पण शालीबिलीचं मला सांगू नगा." माझ्यावरच गेलीय.

बाई, तुमी शंभरी गाठा. गुडघे धड राहू द्या, डोळे शाबूत राहू द्या, आन तुमच्यासंगं बोलणाऱ्याला तुमच्यासारखंच थांबाया येऊ द्या. मला देवाला लई मागायची सवय न्हाई, येवढं मागितलं.

लेख वाचून समितीच्या सरांचा फोन आला. म्हणले, नातीकडनं कळलं, ताकीद मिळाली त्या दिवशी बाई तुम्हाला भेटायला आल्या होत्या ना? तेव्हा काय म्हणाल्या तेवढं शेवटी घाला, लेखाला उठाव येईल. म्या म्हणलं, ते बाई मला म्हणल्या, गावाला न्हाई. त्यांनी पुन्ना इचारलं, एखादी ओळ तरी?

न्हाई.